लाडू वळतो कसा?

भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट आणि चिरलेला गूळ, एवढ्यावर दाण्याचा लाडू होतो. तूप नाही, दूध नाही, मध नाही, पाकही नाही. दोन्ही जिन्नस हाताला कोरडे. मिक्सरमधून एकत्र फिरवले, मुठीत दाबले की गोळा तयार, आणि ताटात ठेवला की तो ढळत नाही. एकादशीच्या आदल्या रात्री डबाभर लाडू वळून ठेवणाऱ्या घरांना यात काही विशेष वाटत नाही. हाताला सवय असते, हात वळत राहतो. पण जरा थांबून पाहिलं तर प्रकार मोठा नवलाचा आहे. दोन कोरड्या जिनसा एकमेकींना धरून बसतात त्या कशाच्या जोरावर?

हा प्रश्न एका निराळ्याच मंडळींना गेली ऐंशी वर्षं छळतो आहे. १९४४ सालच्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये डोनल्ड वॉटसन आणि त्याच्या मोजक्या सोबत्यांनी दूध आणि अंडीही वर्ज्य मानणाऱ्या शाकाहाऱ्यांची वेगळी संस्था काढली आणि स्वतःला ‘वीगन’ म्हणवून घ्यायला सुरुवात केली. लोणी, अंडं, मध हे सगळं काढून टाकल्यावर पदार्थ बांधायचा कशाने, ही त्यांच्या स्वयंपाकघरातली जुनी अडचण. ओव्हन न लावता करायच्या छोट्या गोळ्यांच्या परदेशी कृती पाहिल्या तर उत्तर बहुधा पीनट बटर आणि मेपल सिरप असं येतं, म्हणजे बरणीतून काढलेला तयार चिकटा. आपल्याकडचे बरेचसे लाडूही या पंक्तीत बसत नाहीत. बेसनाचा, रव्याचा, डिंकाचा, मेथीचा, सगळ्यांची मदार तुपावर. तूप गार झालं की त्याचे बारीक कण जमतात आणि बेसनाला जखडून ठेवतात. म्हणून तर बेसनाचा लाडू डिसेंबरात टणक आणि मे महिन्यात बसका. दाण्याच्या लाडवाला ही सोय नाही. शेंगदाण्याचं तेल आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत पातळच राहतं, ते गोठवायला फ्रीज लागतो. तरीही लाडू वळला जातो.

उत्तर दाण्याच्या पोटात आहे, आणि शोधायला सुरुवातीला नख पुरतं. एक भाजका दाणा घ्या, फोलपट काढा, दोन पाकळ्या अलगद वेगळ्या करा. एका पाकळीच्या टोकाशी मोहरीपेक्षा थोडा मोठा, टोकदार कोंब चिकटलेला दिसेल. भुईमुगाचं रोप म्हणजे तेवढंच. बाकीचा अख्खा दाणा ही त्या कोंबाची शिदोरी, आणि या शिदोरीचा जवळजवळ निम्मा भाग तेल आहे. पाव किलो दाणे ओंजळीत घेतलेत तर त्यात जवळपास वाटीभर तेल असतं. वाटीभर! आणि बोटं मात्र कोरडी.

हे तेल थेंबाथेंबाने साठवलेलं असतं. थेंब इतके बारीक, की मिलिमीटरभर अंतरात पाचशे ते हजार ओळीने मावावेत. एरवी तेलाचे दोन थेंब जवळ आले की एक होतात. आमटीवरच्या तवंगात हे आपण रोज पाहतो. दाण्याच्या प्रत्येक पेशीत असे असंख्य थेंब खेटून बसलेले असूनही ते एक होत नाहीत, कारण प्रत्येकाच्या अंगावर एक पातळ अस्तर असतं. फॉस्फोलिपिडांचा एकच पदर आणि त्यात रोवलेली ओलिओसिन नावाची प्रथिनं. या प्रथिनाचा मधला भाग तेलात खोल घुसलेला असतो, दोन्ही टोकं बाहेर पृष्ठभागावर पसरलेली. दाणा उन्हात वाळला, पोत्यात महिनोन्‌महिने पडून राहिला, तरी हे अस्तर सहसा दगा देत नाही.

रोपाला एवढा खटाटोप कशासाठी? कोंब फुटतो तेव्हा त्याला पानं नसतात, उन्हातून अन्न करता येत नाही. तोवर तेलाची साखर करून त्यावर दिवस काढायचे. तेल फोडणारी विकरं थेंबाच्या पृष्ठभागावरच काम करू शकतात. सगळं तेल एका डबक्यात साठवलं असतं तर पृष्ठभाग थोडका, काम रेंगाळलं असतं. तेच बारीक थेंबांत वाटून दिलं की हिशेब पार बदलतो. थेंबाचा व्यास दोन हजारांश मिलिमीटर धरला, तर पाव किलो दाण्यांतल्या तेलाचा एकूण पृष्ठभाग चारशे चौरस मीटर भरतो. बॅडमिंटनची पाच कोर्टं, आणि तीही एका वाटीत घडी घालून ठेवलेली.

लाडू करायचा म्हणजे ही व्यवस्था मोडायची.

मोडायची सुरुवात कढईत होते. कच्च्या दाण्यात पाच-सहा टक्के पाणी असतं. मंद आचेवर भाजताना ते दोनेक टक्क्यांवर येतं आणि मऊ, चिवट दाणा ठिसूळ होतो. थेंबांभोवतीची प्रथिनंही उष्णतेने आपला आकार सोडतात, तेल निसटायला मोकळं होतं. त्याच वेळी दाण्यातली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांवर तुटून पडतात आणि शेकडो नवी संयुगं जन्माला येतात. या क्रियेला ज्याचं नाव आहे तो लुई कामिय मायार हा फ्रेंच वैद्यक-रसायनज्ञ १९१२ साली शरीरात प्रथिनं कशी घडतात याचा शोध घेत होता. हाती लागलं ते भाजलेपणाचं रसायन. पावाचा कडक पापुद्रा, कॉफी, पापडावरचे डाग आणि दाण्यांचा खरपूस वास ही सगळी त्याच घराण्यातली. दाण्यांच्या वासात पायराझिन नावाच्या संयुगांचा मोठा वाटा, आणि त्यांतली काही तर नाकाला कणभरही पुरतात. गॅस बंद केल्यावर दाणे कढईतच ठेवू नयेत हे कुणी शिकवावं लागत नाही, एकदा करपले की कळतं. लोखंडात आणि दाण्यात साठलेली उष्णता भाजायचं काम पुढे चालूच ठेवते. लगेच परातीत काढायचे, गार झाले की चोळायचे, पाखडून फोलपटं उडवायची.

मग मिक्सर. इथे डोळे उघडे ठेवून पाहण्यासारखं खूप आहे. पहिल्या काही झटक्यांत दाण्यांचे तुकडे होतात. भांडं हलवलं तर खुळखुळ वाजतं. मग रवाळ कूट, अजून सुटा. आणखी थोडं फिरवलं की कुटाचा रंग एकदम गडद होतो, भांड्याच्या कडांना तो थापल्यासारखा बसायला लागतो आणि पात्याभोवती पोकळी पडते. बाहेरून काहीही घातलेलं नाही. पेशी फुटल्या, अस्तरं फाटली आणि कोंडलेलं तेल कणांवर पसरलं. पातं घासून भांडं कोमट होतं, कोमट तेल आणखी सैल वाहतं. याच टप्प्यावर गूळ घालायचा आणि बटण थांबत-थांबत दाबायचं. हौसेने तसंच फिरवत राहिलात तर कूट आधी गोळा होतो, मग गोळ्याचा लगदा आणि लगद्याचं चकचकीत, वाहतं पीनट बटर. ते पोळीला लावायला उत्तम, पण त्याचा लाडू काही वळत नाही.

तेल कमी तर भुगा, तेल बेताचं तर लाडू, तेल जास्त तर लगदा. हे का होतं ते चौपाटीवरच्या पोरांना ठाऊक असतं. कोरड्या वाळूचा किल्ला होत नाही, लाटेत भिजलेल्या वाळूचाही नाही. लागते ती ओलसर वाळू. दोन कण जिथे टेकतात तिथे द्रवाचा अगदी लहानसा पूल तयार होतो, आणि पृष्ठताणामुळे तो पूल आकसू पाहतो, म्हणजे दोन्ही कणांना जवळ ओढतो. असे लाखो पूल मिळून बुरूज उभा राहतो. सगळ्या फटी पाण्याने भरल्या की पूल उरत नाहीत, कण सैल पडून वाहू लागतात. ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी २०१२ साली हे मोजून पाहिलं, तेव्हा वाळूला सर्वांत जास्त बळकटी यायला आकारमानाच्या जेमतेम एक टक्का द्रव पुरतो असं दिसलं. आपल्या कुटात पाण्याऐवजी तेल आहे. तेलाचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याएवढाच, त्यामुळे ओढही कमी. नुसत्या कुटाचा गोळा मुठीत होतो खरा, पण बोट लागलं की ढासळतो. तिथे गूळ कामाला येतो.

गुळाबद्दल आपण गोडीपलीकडे फारसा विचार करत नाही. साखर म्हणजे जवळजवळ शुद्ध सुक्रोज. सुक्रोजचे रेणू शिस्तीत रचले जाऊन स्वच्छ, कोरडे, अलिप्त दाणे होतात. पिठीसाखर आणि कूट एकत्र करून लाडू वळायचा प्रयत्न केला की हा अलिप्तपणा समजतो. गुऱ्हाळात मात्र उसाचा रस तासन्‌तास उकळत असतो. रसातलं थोडं आम्ल आणि ती उष्णता मिळून काही सुक्रोज फुटतं, त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. ही दोघं गुळाच्या दहा-पंधरा टक्के असतात, आणि सुक्रोजची शिस्त बिघडवतात. गूळ धड स्फटिक नाही, धड पाक नाही. बोटाने दाबला की दबतो, चिकटतो, आणि पावसाळ्यात डब्यात पाझरतो, कारण फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढून घेतं. आपला लाडू या गुळाच्या दुर्गुणावर उभा आहे. मिक्सरच्या कोमट भांड्यात गुळाचे मऊ झालेले कण कुटाच्या कणांमध्ये चेपले जातात आणि तेलाच्या पुलांच्या जोडीला गुळाचे पूल तयार होतात. ताजा वळलेला लाडू जरा नाजूक असतो, दुसऱ्या दिवशी तो नीट बसतो. गुळातला ओलावा हळूहळू कोरड्या कुटात सरकतो, गूळ आवळतो आणि पूल पक्के होतात.

यासाठी साधा, मऊसर गूळ घ्यावा. चिकीचा गूळ वेगळा. तो कडक पाकासाठी, आणि न शिजवता वापरला तर लाडवात खडे लागतात. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं, पण पिवळाधमक दिसतो म्हणून तो चांगला, हा बाजाराचा गैरसमज. कमी रसायनं घातलेला गूळ बहुतेक वेळा तपकिरीकडे झुकतो. कट्टर वीगनांना गुळाबद्दल आणखी एक दिलासा आहे. काही देशांत पांढरी साखर शुद्ध करताना जनावरांच्या हाडांचा कोळसा वापरतात. गुऱ्हाळात रसातली मळी वर आणायला परंपरेने भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, मळी त्या चिकाला धरून तरंगते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. दहा किलो उसातून साधारण किलोभर गूळ निघतो. दाणे भाजून झाले की या लाडवाला चूल लागत नाही असं आपण म्हणतो तेव्हा ती काहिलीखालची भट्टी विसरतो. आपल्या ओट्यावर शिजवावं लागत नाही, कारण शिजवण्याचं सगळं काम आधीच दुसरीकडे उरकलेलं असतं.

आता प्रत्यक्ष कृती, आणि ती मोजकीच आहे. पाव किलो दाणे, दीडशे ग्रॅम चिरलेला गूळ, वेलदोड्याची पूड, चिमूटभर मीठ. मीठ वगळू नका, गूळ त्याच्यामुळे खुलतो. कूट मुद्दाम एकसारखा करायचा नाही. थोडा बारीक, थोडा रवाळ आणि मधूनमधून अर्धवट तुटलेला दाणा असा मिश्र ठेवायचा. दाताखाली येणारी मजा हे एक कारण, दुसरं भूमितीचं. सारख्या आकाराचे गोळे भांड्यात ओतून कितीही ठोकले तरी जागेचा चौसष्ट टक्क्यांपलीकडे भाग भरत नाही, बाकीची पोकळीच. निरनिराळ्या मापाचे कण असले की लहान कण मोठ्यांमधल्या फटींत शिरतात, पोकळी घटते आणि कणाला कण टेकण्याच्या जागा वाढतात. जितक्या टेकण्याच्या जागा, तितके पूल. मुठीत दाबताना, अंगठ्याने फिरवताना आपण हेच करत असतो. जुन्या बायका लाडू वळताना तो दोन-तीनदा तळहातावर हलकेच आपटतात, त्यानेही कण एकमेकांत बसतात. हात ओला करायचा नाही. पाण्याचा एक थेंब गुळाला तिथेच विरघळवतो आणि त्या जागी लाडू नरम पडतो. फारच भुगा होत असेल तर मिश्रण पुन्हा दोन झटके फिरवावं. दाण्यात तेल भरपूर शिल्लक असतं.

एवढ्यात तीस ग्रॅमचे तेराएक लाडू होतात, आणि प्रत्येकात दीडशेच्या आसपास कॅलरी. प्रथिनं चांगली आहेत, पोट धरून ठेवतात, ट्रेकला न्यायला याच्यासारखं दुसरं काही नाही. पण गूळ घातला म्हणून पदार्थ औषध होतो, ही समजूत मला पटत नाही. गूळ ही साखरच, जरा खनिजं आणि बराचसा स्वभाव असलेली. ‘पौष्टिक’ म्हणून एका बैठकीत पाच खाणाऱ्याने आपण मिठाईच खाल्ली हे मान्य करावं.

दाणे निवडण्याचं काम मात्र मनावर घ्यावं. सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा वास येणारा, चावल्यावर कडवट लागणारा दाणा निघाला की फेकून द्यायचा. १९६० साली इंग्लंडमध्ये काही महिन्यांत लाखभर टर्की पक्षी दगावले. कारण सापडेना म्हणून रोगाला ‘टर्की एक्स’ असं नाव पडलं. शेवटी धागा त्यांच्या खाद्यातल्या ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोहोचला आणि ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, उजेडात आलं. भाजल्याने ते पूर्णपणे जात नाही. ही बुरशी मातीत राहते, आणि भुईमुगाची शेंग तिच्या शेजारीच वाढते.

शेंग मातीत जाते कशी, हे तर लाडवाहूनही अजब आहे. भुईमुगाचं पिवळं फूल जमिनीच्या वर येतं. बहुधा स्वतःच्याच परागांनी फळतं, आणि दिवस मावळेपर्यंत कोमेजतं. मग फुलाच्या बुडातून एक हिरवट-जांभळी, टोकदार दांडी निघते आणि सरळ खाली जमिनीकडे वाढू लागते. तिच्या टोकात बीज असतं, पण वाढ थांबवून वाट पाहत बसलेलं. टोक मातीत शिरलं, अंधार झाला, चहूबाजूंनी मातीचा स्पर्श झाला की दांडी आडवी वळते आणि मग शेंग फुगते. जमीन गाठता आली नाही तर शेंग नाही. शेतकरी या दांड्यांना आऱ्या म्हणतात, आणि आऱ्या सुटायच्या सुमारास पिकावरून रिकामा ड्रम फिरवतात, म्हणजे त्या दबून मातीत शिरतात. त्याच वेळी जिप्समही देतात, कारण वाढत्या शेंगेला लागणारं कॅल्शियम मुळांवाटे तिच्यापर्यंत पुरेसं पोहोचत नाही. शेंग ते आपल्या टरफलातून थेट मातीतून शोषते. फळ स्वतःच मुळाचं काम करतं.

स्वतःच्या पायाशी बी पुरणारी वनस्पती जगभर पसरली ती माणसाच्या खांद्यावरून. आजच्या भुईमुगाचे आईबाप दक्षिण अमेरिकेतल्या दोन रानटी जाती. त्यांतली एक बोलिव्हियातल्या एका छोट्या पट्ट्यापलीकडे जवळजवळ कुठेच सापडत नाही. दोघींचे जनुकीय आराखडे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांवरून असा अंदाज आहे की सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी कुणीतरी एका जातीचे दाणे दुसरीच्या मुलखात नेले, आणि तिथे दोघींचा संकर झाला. त्या संकराची वंशावळ म्हणजे आपल्या डब्यातला दाणा. पेरूमध्ये १९८७ साली वॉल्तर आल्वा या पुरातत्त्वज्ञाने सिपान इथे मोचे काळातल्या एका राजाची कबर उघडली. त्याच्या गळ्यावर शेंगांच्या आकाराचे मणी ओवलेला हार होता, अर्ध्या शेंगा सोन्याच्या आणि अर्ध्या चांदीच्या. तिथून जहाजांवरून निघालेला हा दाणा आपल्या उपवासाच्या ताटात इतका मुरला, की त्याला परकं म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही. साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाणा, तिघांचीही मूळ झाडं दक्षिण अमेरिकेतली. आपली एकादशी बरीच लांबून येते.

तिळाला मात्र परदेशी म्हणता येत नाही. हडप्पाच्या उत्खननात चार हजार वर्षांहून जुने जळके तीळ मिळाले आहेत. तिळातही निम्मं तेल, मग संक्रांतीच्या लाडवाला पाक का लागतो? कारण तीळ अख्खे राहतात. तेल आत बंद, बाहेरून बांधायला पाकच हवा. तेच तीळ भाजून कुटले की गुळाबरोबर मुकाट्याने वळले जातात. दाण्याच्या मिश्रणात मूठभर असे तीळ घातले तर चवीला आणि बांधणीला, दोन्हीकडे फायदा.

हे लाडू बाहेर टिकतात कसे, यावरही थोडं बोलायला हवं. पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा जंतूंना वापरता येण्याजोगं मोकळं पाणी किती आहे, यावर त्याचं नासणं ठरतं. ऑस्ट्रेलियातल्या विल्यम जेम्स स्कॉट या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात ही कल्पना पक्की बसवली. शुद्ध पाण्याचा आकडा १ धरला तर बहुतेक जिवाणूंना ०.९ च्या वर लागतो, बुरश्या त्याखालीही तग धरतात, पण ०.६ च्या खाली कुणाचंच चालत नाही. भाजक्या दाण्यांत पाणी नगण्य आणि गुळातलं पाणी साखरेच्या रेणूंनी बांधून टाकलेलं, म्हणून जंतूंच्या वाट्याला फारसं काही येत नाही. या लाडवाला खरा धोका हवेचा. अस्तरं फाटून मोकळं झालेलं तेल प्राणवायूशी संयोग पावून खवट होतं. अख्खा दाणा महिनोन्‌महिने टिकतो आणि कूट काही आठवड्यांत वास मारतो तो यामुळेच. घट्ट झाकणाचा डबा, अंधारी जागा आणि पंधरा दिवसांत संपतील एवढेच लाडू. फ्रीजमध्ये ठेवायचे असतील तर बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नये. गार लाडवावर हवेतलं बाष्प जमतं आणि आपण इतका वेळ टाळलेलं पाणी आयतं येऊन बसतं.

ज्यांना दाणे भाजण्याइतकीही आच नको, त्यांच्यासाठी खजूर आहे. पिकताना खजुरातलं विकर सुक्रोज फोडून त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं, म्हणजे गुऱ्हाळात भट्टीवर जे थोडंफार होतं, ते झाडावरच आणि कितीतरी जास्त प्रमाणात. म्हणून मऊ खजूर हा मुळातच चिकट. बिया काढून, काजू-बदामाच्या जाडसर भुग्याबरोबर फिरवला की काही न घालता गोळा होतो, खोबऱ्याच्या किसात घोळवला की हाताला लागत नाही. खजुराची बी मात्र सहज फेकू नये अशी तिची कीर्ती आहे. इस्राएलमधल्या मसाडा किल्ल्यात सापडलेली सुमारे दोन हजार वर्षं जुनी खजुराची एक बी २००५ साली पेरली आणि ती उगवली. मेथुसेला नावाच्या त्या नर झाडाच्या परागांनी पुढे तशाच प्राचीन बीतून आलेल्या मादी झाडाला खजूर धरले. आपल्या खजुरात ओलावा दाण्याच्या लाडवापेक्षा बराच जास्त, त्यामुळे हे लाडू आठवडाभरापेक्षा अधिक ठेवायचे तर फ्रीजमध्येच. आणि ‘बिनबियांचा’ असं पाकिटावर छापलेलं असलं तरी प्रत्येक खजूर उघडून पाहावा. आत बी निघाली तर मिक्सरचं पातं जातं, आणि अळी निघाली तर लाडू वीगन राहत नाही.